साथीच्या काळातील अ‍ॅप : मोजपट्टी कोणती?

कोविडच्या साथीत गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांमध्ये संगणक व मोबाइलवर चालणारी पुष्कळ साधने वापरात आली. त्यांची स्तुती करताना बहुधा एकच आकडा पुढे केला जातो, तो म्हणजे किती कोटी लोकांनी अ‍ॅप डाउनलोड केले. आमच्या मते ही मोजपट्टीच चुकीची आहे. औषधाची परीक्षा ते किती बाटल्या खपले यावर होत नाही, रोगी किती बरे झाले यावर होते. तीच कसोटी येथेही लावली पाहिजे.

साथीत अशा साधनाने करायचे काम कोणते? एका माणसाला ताप आला, तपासणीत रोग निश्चित झाला, की गेल्या काही दिवसांत त्याच्या निकट आलेल्या माणसांना शोधायचे, त्यांना सावध करायचे आणि गरज पडल्यास वेगळे ठेवायचे. रोग पुढे पसरण्याआधी हे घडायला हवे. म्हणजे ही शर्यत दिवसांची आहे. या शर्यतीतले किती दिवस साधनाने वाचवले, हा खरा प्रश्न होय.

आपल्या ‘आरोग्य सेतू’चे उदाहरण घेऊ. २ एप्रिल २०२० रोजी हे अ‍ॅप आले. जवळ आलेले दोन फोन ब्लूटूथच्या साहाय्याने एकमेकांची नोंद ठेवीत. मे महिन्याच्या मध्यापर्यंत त्याचे वापरकर्ते १० कोटींवर गेले. हा आकडा प्रचंड वाटतो. पण येथे शिक्षकांनी वर्गात करून घ्यावा असा एक सोपा हिशेब आहे. देशाची लोकसंख्या १३८ कोटींच्या आसपास धरली, तर अ‍ॅप शंभरातील सुमारे ७ जणांकडे होते. भेटीची नोंद व्हायची तर ते दोघांकडेही हवे. दोघांकडे असण्याची संभाव्यता ७/१००×७/१००, म्हणजे ४९/१०,००० एवढी येते. सुमारे दोनशे भेटींपैकी एक! अ‍ॅप निम्म्या लोकांकडे असते, तरी चारातील एकच भेट टिपली गेली असती.

हा हिशेब ढोबळ आहे, हे मान्य केले पाहिजे. अ‍ॅप वापरणारे शहरांत अधिक होते आणि त्यांचा परस्परांशी संबंधही अधिक येत असे. त्यामुळे काही ठिकाणी प्रमाण याहून बरे असणार. पण याचाच दुसरा अर्थ असा, की इतरत्र ते याहूनही कमी असणार.

यात पदार्थविज्ञानाचीही एक अडचण आहे. ब्लूटूथ अंतर मोजत नाही. येणाऱ्या लहरींच्या तीव्रतेवरून अंतराचा अंदाज बांधावा लागतो. खिशातला फोन आणि मध्ये उभे असलेले माणूस यांमुळे तीव्रता घटते, तर पातळ भिंतीतून लहरी आरपार जातात. चाळीत भिंतीपलीकडचा शेजारी ‘निकट’ ठरू शकतो आणि गच्च भरलेल्या गाडीत पाठीला पाठ लावून उभा असलेला प्रवासी ‘दूर’.

साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ हा क्रमांक सुरू झाला, ही गोष्ट चांगलीच झाली. त्यावर लक्षणे कळवता येत. भेटींची नोंद मात्र होत नसे. अ‍ॅपमधील संपर्कशोधाची सोय बंद करून ती माहिती पुसून टाकल्याचे सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितले. या सोयीमुळे किती दिवस वाचले याचा सविस्तर हिशेब लोकांसमोर मांडला गेला असता, तर पुढच्या साथीला त्याचा उपयोग झाला असता.

अशी अ‍ॅप निरुपयोगीच असतात, असे मात्र म्हणता येणार नाही. इंग्लंड व वेल्समधील अ‍ॅपचा अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे सुमारे २८ टक्के लोक अ‍ॅप वापरीत होते आणि त्यामुळे काही लाख लोकांची लागण टळली, असा संशोधकांचा अंदाज आहे. परंतु तेथे स्मार्टफोन घरोघरी होते, आणि तपासणीचा निकाल अ‍ॅपपर्यंत पोहोचवणारी यंत्रणाही होती. साधन उचलून दुसऱ्या देशात नेता येते. त्याच्या पायाखालची जमीन नेता येत नाही.

ही जमीन आपल्याकडे कशी आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे आढळले, की १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा ‘कोविन’वर आधी नाव नोंदवून वेळ घेणे सक्तीचे होते. त्या काळी हे संकेतस्थळ इंग्रजीतच होते. मराठीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या. शहरातील तरुण गाडी करून ग्रामीण केंद्रांवर लस घेतात आणि गावचे लोक तसेच परत जातात, अशा बातम्या महाराष्ट्रातूनही आल्या. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या विषमतेवर बोट ठेवले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट येणाऱ्यांची नोंदणी करण्याची मुभा मिळाली होती. २१ जूनपासून ती सर्वत्र झाली. याच ‘कोविन’ने जुलै २०२२ पर्यंत २०० कोटींहून अधिक मात्रांची नोंद ठेवली, हेही सांगितले पाहिजे. नोंदवही म्हणून ते उत्तम चालले. त्याला दरवाजा केले, तेव्हा लोक बाहेर राहिले.

आता नायजेरियाकडे वळू. जुलै २०१४ मध्ये लायबेरियाहून आलेला एक प्रवासी लागोसमध्ये इबोलाने आजारी पडला. दाट वस्तीच्या या महानगरात रोग पसरला असता, तर अनर्थ झाला असता. प्रत्यक्षात २० जणांना लागण झाली, ८ दगावले आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. यासाठी सुमारे ९०० संपर्कांचा माग काढला गेला आणि त्यांच्या घरी जाऊन जवळजवळ १८,५०० भेटी देण्यात आल्या. पोलिओ निर्मूलनासाठी आधीच उभी असलेली यंत्रणा आणि अनुभवी माणसे या कामी आली. मोबाइल होता, पण तो कार्यकर्त्यांच्या हातात. याच अनुभवातून ‘सॉर्मास’ ही संगणकप्रणाली पुढे तयार झाली. तिचे वैशिष्ट्य असे, की माहिती केवळ वर जात नाही, परतही येते. कार्यकर्त्याला पुढे काय करायचे, ते तीच सांगते.

श्रीलंकेनेही असेच केले. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात रुजलेली ‘डीएचआयएस’ ही मुक्त प्रणाली तेथील आरोग्य खाते आधीपासून वापरीत होते. जानेवारी २०२० मध्ये तिच्यातच भर घालून देशात येणाऱ्या प्रवाशांची नोंद सुरू झाली, आणि ही भर अनेक देशांनी उचलली. माणसे तीच आणि प्रणालीही ओळखीची, म्हणून नवे शिकण्यात वेळ गेला नाही.

धारावीचे नाव येथे अनेकांना आठवेल. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या या वस्तीत पालिकेचे कर्मचारी, आशा कार्यकर्त्या आणि खाजगी डॉक्टर तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन गल्लोगल्ली फिरले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी त्याचे कौतुक केले. मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. त्याच महिन्यात मुंबईच्या इतर तीन प्रभागांतील झोपडपट्ट्यांत केलेल्या पाहणीत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे बहुसंख्यांना रोग नकळत होऊन गेला होता. धारावीतही असेच झाले असेल, तर तेथील घटीचे सर्व श्रेय शोधमोहिमेला देता येणार नाही.

तेव्हा नवे साधन पुढे आले, की तीन प्रश्न विचारावेत. ते कोणाच्या हातात आहे? त्याला कोण दिसत नाही? आणि त्याने किती दिवस वाचवले? यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नकाशावर ठिपका नसलेली वस्ती निरोगी असतेच असे नाही; कदाचित तेथे फोन नसेल. हे ओळखायला तेथे चालत जाणारी आशा कार्यकर्ती लागते. पुढच्या साथीआधी साधनांवर होणाऱ्या खर्चातला मोठा वाटा तिचे मानधन, तिचे प्रशिक्षण आणि तिच्या हातातला फोन यांवर व्हावा, असे आम्हाला वाटते.