खाणकामगाराची लघुप्रतिमा : विज्ञानकाल्पनिक युद्धखेळातील रंग, काजळी आणि श्रम

प्रस्तावना

लहान आकाराच्या सैनिकमूर्ती स्वतः जुळवायच्या, रंगवायच्या आणि मग मेजावर मांडून ठरलेल्या नियमांनुसार फासे टाकून लढवायच्या, असा एक छंद पाश्चात्त्य जगात शतकाहून अधिक काळ रूढ आहे. विज्ञानकथेच्या आद्य लेखकांपैकी एक असलेल्या एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे अशा खेळाच्या नियमांचे पुस्तक लिहिले. त्यांचे सैनिक मात्र त्यांच्याच काळातील होते. दूरच्या भविष्यातील सैन्ये मेजावर आणण्याचे काम पुढे इतरांनी केले आणि त्यात सर्वाधिक प्रभावी ठरला तो इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीचा १९८७ मध्ये प्रकाशित झालेला 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ.

मराठी समीक्षेने या वस्तूंकडे पाहिलेले नाही, आणि त्याचे कारण उघड आहे : त्या खेळणी समजल्या जातात. तथापि, ज्या वस्तूवर माणूस चाळीस-पन्नास तास कुंचला घेऊन बसतो, जिच्यामागे शेकडो कादंबऱ्यांचे कथाविश्व उभे आहे आणि जिच्यात मनुष्यदेहाची विशिष्ट प्रतिमा घडविलेली असते, तिला केवळ खेळणे म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. प्रस्तुत लेखात या खेळातील एकाच फौजेचा विचार केला आहे. 'जीनस्टीलर कल्ट्स' हे तिचे नाव. ही फौज खाणकामगारांची आहे.

राजूर येथून हा विचार मांडण्यास एवढेच निमित्त पुरेसे आहे. वणी तालुक्यातील राजूर ही कोळशाच्या खाणीभोवती वाढलेली वसाहत. वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यातील हा भाग. येथे काजळी ही चित्रकाराच्या कल्पनेतील वस्तू नाही. ती दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर बसते, पावसाळ्यात काळ्या मातीत मिसळून रस्त्यावर चिखल होते आणि उन्हाळ्यात ट्रकमागे राखाडी होऊन उडते. अशा ठिकाणचा वाचक रंगवलेल्या खाणकामगाराकडे पाहील तेव्हा त्याला काही गोष्टी आपोआप खऱ्या किंवा खोट्या वाटतील. ही पारख समीक्षेच्या कामी यावी, असा येथे प्रयत्न आहे.

कथा आणि तिचा आशय

प्रथम कथेविषयी. जीनस्टीलर हा परग्रहावरील परजीवी प्राणी. तो एखाद्या माणसाला बाधित करतो आणि त्या माणसाच्या वंशात संकरित संतती जन्मास येते. पहिल्या पिढ्यांत तिसरा हात, नखे, कपाळावरील खाचा स्पष्ट दिसतात. चौथ्या पिढीपर्यंत संतती जवळजवळ माणसासारखी होते. ही मंडळी खाणींत, कारखान्यांत, वसाहतींच्या तळघरांत मजूर म्हणून वावरतात, गुप्त पंथ चालवितात आणि संख्या वाढली की मालकवर्गाविरुद्ध उठाव करतात. त्यांना वाटते की आकाशातून आपले तारणहार येतील. प्रत्यक्षात येतात ते टायरनिड नावाचे सर्वभक्षी जीव, आणि ते या भक्तांसह संपूर्ण ग्रह गिळून टाकतात.

म्हणजे या विश्वात खाणकामगार उठाव करतो तो त्याच्या रक्तात बाधा शिरली म्हणून. भूक, मजुरी, छत कोसळून झालेले मृत्यू ही कारणे कथेत पार्श्वभूमीला आहेत, नाही असे नाही. ज्या साम्राज्याविरुद्ध हा उठाव होतो ते क्रूर, जुलमी असल्याचे कथा लपवीत नाही. साम्राज्याचे चित्रण उपहासात्मक आहे, असे कंपनीने २०२१ मध्ये जाहीर निवेदनाद्वारे स्पष्टही केले. पण उपहासाचा रोख साम्राज्यावर असला तरी बंडखोराच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याच्या वाट्याला आजार येतो. संघटित कामगार म्हणजे फसवला गेलेला, आतून पोखरला गेलेला, बाहेरच्या शक्तीच्या तालावर नाचणारा जमाव, ही कल्पना गिरणी, खाण, कारखाना यांच्या मालकांनी पृथ्वीवरही पुष्कळदा वापरली आहे. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) नंतर मराठी वाचकाला तरी कामगाराची प्रतिमा निव्वळ सजावट म्हणून स्वीकारता येऊ नये.

येथे एका भौगोलिक संबंधाची नोंद करावीशी वाटते. गेम्स वर्कशॉपचे मुख्यालय नॉटिंगहॅम येथे आहे, आणि नॉटिंगहॅमशायर हा इंग्लंडमधील एक मोठा कोळसापट्टा होता. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात याच परगण्यातील बहुसंख्य कामगार कामावर राहिले, १९८५ मध्ये त्यांनी वेगळी संघटना काढली आणि त्या फुटीची कटुता पुढे दीर्घकाळ टिकली. संप मोडल्यानंतर दोन वर्षांनी 'वॉरहॅमर ४०,०००' प्रसिद्ध झाला. परगण्यातील शेवटची भूमिगत कोळसाखाण, थॉर्सबी, २०१५ मध्ये बंद पडली आणि पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, 'डेथवॉच : ओव्हरकिल' या संचातून खाणकामगारांची ही फौज नव्या प्लास्टिकच्या रूपात बाजारात आली. यामागे हेतू शोधण्यास आधार नाही. परंतु खाणी बंद पडलेल्या गावात खाणकामगार राक्षस होऊन परत यावा, हे वाचकाने मनात ठेवण्याजोगे आहे.

जुळवणी : अपुरेपणातील मोकळीक

लघुप्रतिमा तयार मिळत नाही. पॉलिस्टायरीनच्या चौकटीला बारीक दांड्यांनी जोडलेले हात, धड, शिरे, हत्यारे असे सुटे भाग मिळतात. ते कापायचे, साच्याच्या दोन अर्धांची उमटलेली सांधरेषा सुरीने खरवडायची आणि मग चिकटवायचे. येथे वापरला जाणारा द्रव साध्या अर्थाने गोंद नाही. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवितो. दोन्ही भागांचे प्लास्टिक एकमेकांत मिसळते आणि द्रव उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. आपल्याकडे फेविक्विक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदाने भाग नुसते धरले जातात, आणि मूर्ती खाली पडली की ते नेमके त्याच ठिकाणी सुटतात.

चौकटीत गरजेपेक्षा अधिक शिरे व हात दिलेले असतात. कोणते शिर कोणत्या धडावर बसवायचे हे घेणारा ठरवितो. जुने छांदिष्ट तर एका संचातील शिर दुसऱ्या संचातील धडावर बसवितात. म्हणूनच ही कलाकृती कंपनीच्या कारखान्यात पूर्ण होत नाही. तिचा अर्धा कर्ता मेजापाशी बसलेला असतो. संकरित कामगाराच्या धडावर खाचा नसलेले साधे मानवी शिर लावले, की कंपनीच्या कथेतील रक्तबाधा त्या मूर्तीपुरती संपते आणि उरतो तो हातात यंत्र घेतलेला एक थकलेला माणूस. हे फार लहान कृत्य आहे. तरी कथेच्या लेखकाला जे सुचले नाही ते एका शिराच्या अदलाबदलीने होऊ शकते, ही या कलाप्रकाराची खरी ताकद मला वाटते.

मूर्तिकाराचे मात्र कौतुक केले पाहिजे. अॅकोलाइट हायब्रिड नावाच्या आकृतींच्या हाती खडक फोडण्याचे ड्रिल, खडक कापण्याचे करवत ही अवजारे आहेत. निओफाइट हायब्रिडांकडे खाणीतील लेझर व भूकंपतोफ आहे. गोलिआथ रॉकग्राइंडर हे वाहन तर समोर दातेरी चक्र लावलेले खाणयंत्रच. जड कापडाचे संरक्षक पोशाख, पट्टे, श्वसनाच्या नळ्या, यांची घडण अभ्यासपूर्ण आहे. अवजाराचे वजन खांद्यावर कसे येते, गुडघे कसे वाकतात, हे घडविणाऱ्याला कळले आहे. कथेपेक्षा मूर्ती श्रमाविषयी अधिक जाणते.

आणि तरीही या संपूर्ण फौजेत एकही आकृती काम करीत नाही. ड्रिल आहे, पण खडक नाही. प्रत्येक अवजार केवळ हत्यार म्हणून हाती आहे. विदर्भातील वाचकाला येथे आपल्या तान्ह्या पोळ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले चाकांवरचे लाकडी बैल रंगवून, सजवून मिरवितात. तीही रंगवलेली लघुप्रतिमाच. तो बैल नांगराला जुंपलेला नसतो, पण त्याचे मिरवणे हे त्याच्या कष्टांसाठीच असते. वर्षभर राबला म्हणून त्याला झूल. त्याला शत्रू लागत नाही. ही तुलना अन्यायकारक आहे असे कोणी म्हणेल, कारण एक सण आहे आणि दुसरा युद्धखेळ. मान्य. पण श्रमिकाची लहान प्रतिमा शत्रूवाचूनही उभी राहू शकते, एवढे त्यावरून दिसते.

रंग : काजळी कोठे बसते

आता रंगाविषयी, कारण समीक्षकाला निर्णय द्यावा लागतो तो येथे. प्रचलित पद्धत अशी : मूर्तीवर अस्तराचा रंग फवारायचा, मूळ रंग द्यायचे, त्यावर पातळ गडद रंगाचे पाणी सोडायचे, ते खोलगट भागांत साचते, मग कोरड्या कुंचल्याने किंवा बारीक टोकाने उंच कडा उजळायच्या. उणेपुरे तीन सेंटिमीटर उंचीच्या आकृतीवर खरा प्रकाश पुरेशा सावल्या पाडीत नाही, म्हणून सावल्या रंगवाव्या लागतात. तंत्र म्हणून हे योग्यच आहे. कंपनीच्या रंगविभागाने ते इतके निर्दोष केले आहे की प्रत्येक कड चकाकते.

परंतु तीच पद्धत काजळीसाठी वापरली की घोटाळा होतो. गडद पाणी खाचांत उतरते, म्हणून रंगवलेल्या कामगाराची काजळी नेहमी खाचांत असते : कपड्याच्या घडीत, पट्ट्याखाली, बोटांमध्ये. खरी धूळ वरून पडते. ती आधी खांद्यावर, टोपीच्या कडेवर, बुटाच्या पुढच्या भागावर बसते. जेथे शरीर घासते, म्हणजे तळहात, गुडघा, पट्ट्याची कड, तेथून ती पुसली जाते किंवा कापडात दाबली जाऊन तुकतुकीत होते. घाम आला की चेहऱ्यावर ओघळ उमटतात आणि पापण्यांच्या मुळाशी ती काजळासारखी राहते. आंघोळीनंतरही निघत नाही. वाहनावर पावसाचे ओघळ उभे येतात, चिखल खालून वर चढतो. ज्याने हे पाहिले आहे त्याला बहुसंख्य रंगवलेले कामगार नाटकातले वाटतील. मळ आहे, पण तो कुठून आला हे सांगत नाही.

याच्या उलट एक परंपरा जॉन ब्लँश यांच्या प्रभावातून वाढली. ब्लँश हे दीर्घकाळ कंपनीचे कला-दिग्दर्शक होते. तपकिरी, गेरू आणि रक्तवर्णी शाईत बुडालेली त्यांची चित्रे या विश्वाला रूप देणारी ठरली. त्यांच्या वाटेने जाणारे रंगकर्मी कडा उजळण्यापेक्षा थर चढविणे पसंत करतात. मूर्ती अंधुक, जुनी, आजारी दिसते. वातावरण या दृष्टीने हे काम श्रेष्ठ आहे, आणि मला व्यक्तिशः ते अधिक आवडते. पण श्रमाच्या प्रश्नावर तेही फारसे पुढे जात नाही, कारण तेथे सर्वच वस्तू सारख्या कुजलेल्या असतात. सम्राटाचा पुजारी आणि खाणीतला मजूर यांच्या मळात फरक उरत नाही. कुजणे आणि राबणे या निराळ्या गोष्टी आहेत.

तिसरा मार्ग रणगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांकडून आलेला : स्पंजाच्या तुकड्याने रंग उडाल्याचे ठिपके, कोरड्या रंगभुकटीने धूळ, पातळ रंगाने उभे ओघळ. हे रंगकर्मी प्रत्येक डागाला कारण विचारतात. रॉकग्राइंडरच्या पायरीवर रंग उडालेला असेल, कारण तेथे बूट पडतो. दाराच्या मुठीभोवती तेलकट काळपटपणा असेल, कारण तेथे हात लागतो. अशा वाहनाकडे पाहताना ते कोणी रोज चालविले असेल हे कळते. पिवळे-काळे धोक्याचे पट्टे तर सगळेच रंगवितात. ते पट्टे कोठे झिजले हे रंगविणारे थोडे.

त्वचेच्या रंगाबाबतही हेच म्हणता येईल. अधिकृत चित्रांत या कामगारांची कातडी फिकट, जांभळट असते. ती परकेपणाची खूण. ती तशीच ठेवावी की नाही, हा रंगविणाऱ्याचा अधिकार आहे. तपकिरी, उन्हाने रापलेली किंवा वर्षानुवर्षे भूमिगत पाळीत राहून पिवळसर झालेली कातडी दिली, तर कपाळावरील खाचा असूनही मूर्ती माणसाकडे झुकते. प्लास्टिकमधील खाच मात्र रंगाने बुजत नाही, ही या स्वातंत्र्याची मर्यादा. ती बुजवायची तर पुट्टी भरून घासावे लागेल, आणि मग खेळाच्या नियमांनुसार ती आकृती ओळखू येईल का, अशी शंका समोरचा खेळाडू काढील. खेळाला दोन माणसे लागतात. प्रतिमेचा अर्थ एकट्याने बदलता येत नाही.

एका तपशिलावर हे सर्व येऊन ठेपते : ड्रिलचे टोक. कंपनी रक्तासाठी चकचकीत, घट्ट लाल रंगाची स्वतंत्र बाटली विकते, आणि अॅकोलाइटाच्या हातातील ड्रिलच्या टोकावर बहुतेक जण तीच ओततात. क्वचित एखादा तेथे राखाडी भुकटी लावतो, मनगटापर्यंत नेतो, आणि बाहीवर ती पुसल्याचा एक आडवा पट्टा ठेवतो. त्या आकृतीने तासाभरापूर्वी दगड कापलेला असतो.