‘ट्रस्ड बुल’ : प्रतीक, शीर्षक आणि आस्वादक

तैयब मेहता (१९२५-२००९) यांच्या ‘ट्रस्ड बुल’ (१९५६) या चित्राविषयीच्या लेखनात एक समीकरण जवळजवळ गृहीत धरलेले असते : जखडलेला पशू म्हणजे फाळणीच्या हिंसेने हतबल झालेला देश. या समीकरणाला चित्रकाराचाच आधार आहे. १९४७च्या दंगलीत मुंबईच्या महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी पाहिले होते. कत्तलखान्यात पाय बांधून आडव्या पाडलेल्या जनावरात स्वतःच्या ऊर्जेला वाट न देऊ शकणारा समाज दिसतो, अशा आशयाचे विवेचनही त्यांनी पुढे केले. तथापि चित्रकाराचे निवेदन म्हणजे चित्राचा अर्थ नव्हे. चित्रात सुरा नाही, कसाई नाही. आहे तो जाड रंगलेपात दडपलेला देह आणि त्याचे आवळलेले पाय. कत्तलखाना आपण चरित्रातून आणतो.

येथे शीर्षकाच्या भाषांतराचा प्रश्न उभा राहतो, आणि तो वरवर दिसतो तेवढा किरकोळ नाही. इंग्रजीतील ‘बुल’ म्हणजे वळू. मराठीत आपण सहज ‘जखडलेला बैल’ म्हणतो, आणि बैल तर खच्ची केलेला, जुवाखाली आधीच आलेला असतो. ‘वळू’ म्हटले की अनावर शक्तीचे बंधन दिसते. ‘बैल’ म्हटले की बंधनावर आणखी एक बंधन.

कर्जत तालुक्यातील मिरजगावसारख्या कोरडवाहू गावात वाढलेल्या आस्वादकाला तर हे दृश्य मुळात वेगळेच दिसू शकते. पाय बांधून पाडलेला बैल त्याने कत्तलखान्यात नव्हे, नालबंदासमोर पाहिलेला असतो. पत्री मारून झाली की दोर सुटतो, बैल अंग झाडून उठतो आणि औताला लागतो. पाडणारा त्याचा वैरी नसतो. पोळ्याला त्याला ओवाळणारा धनीच असतो.

मग हे वाचन चुकीचे ठरवायचे काय? माझ्या मते नाही. मात्र चित्र त्याला एका जागी अडवते. पत्री मारलेला बैल उठतो, हा बैल उठू शकत नाही. अभिव्यक्तिवादी विरूपणाने त्याच्या देहाचे सांधेच असे मोडले आहेत की दोर काढला तरी तो उभा राहणार नाही. बंधन दोरात नसून रेषेत आहे. उलट, गावाकडील वाचनही रूढ अर्थाला एक गोष्ट शिकवते : बांधणारा परका असतोच असे नाही. देशाचे रूपक स्वीकारायचेच असेल, तर त्याला कोणी बांधले हा प्रश्न प्रचलित समीक्षेने फार लवकर मिटवला आहे. १९४७चा तो जमाव बाहेरून आलेला नव्हता.

महाराष्ट्रात २०१५च्या कायदादुरुस्तीने गोवंशहत्याबंदी वळू-बैलांपर्यंत विस्तारली. त्यानंतर हे चित्र कत्तलीविरुद्धचे विधान म्हणून वाचण्याचा मोह होऊ शकतो. १९५६च्या चित्राकडून अशी साक्ष काढणे कालविपर्यास होय. २०२५च्या लिलावात त्याला ६१ कोटींहून अधिक किंमत आली, तीही आशयाविषयी काही सांगत नाही. त्यापेक्षा १९७०मधील त्यांचा ‘कूडल’ हा लघुपट उपयुक्त आहे. वांद्र्याच्या कत्तलखान्यातील चित्रण त्यात आहे, म्हणजे चित्रातून वगळलेले स्थळ तेथे प्रत्यक्ष येते. १९५६मध्ये ते का वगळले, याचा शोध चरित्रात नव्हे, त्या कॅनव्हासच्या रिकाम्या कडांत घ्यावा लागेल.