रोगाचे नाव कोणी उच्चारावे? कर्करोगविषयक तीन चित्रपटांचा विचार

भरताने नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव सांगितले आहेत आणि त्यांत ‘व्याधी’ व ‘मरण’ या दोहोंनाही स्थान दिले आहे. स्थायी भावांत मात्र व्याधीची गणना नाही. व्याधी यावी, शोकाला पुष्टी द्यावी आणि निघून जावी, एवढेच तिचे कार्य. कर्करोगावरील बहुसंख्य चित्रपट पाहताना भरताच्या या वर्गीकरणाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. श्रीधर यांच्या १९६३ च्या ‘दिल एक मंदिर’मध्ये रोगी पती, त्याची पत्नी आणि तिचा पूर्वीचा प्रियकर असलेला शल्यविशारद असा त्रिकोण आहे. रोगी बरा होतो, शल्यविशारद मरतो आणि त्रिकोण सुटतो. त्या रोगाच्या जागी दुसरा कोणताही दुर्धर रोग घातला असता तरी कथानकाचे काही बिघडले नसते. अशा कलाकृतींत कर्करोग हा विषय नसतो. ती केवळ एक मुदत असते.

परंतु याच वर्गात गणले जाणारे काही थोडे चित्रपट असे आहेत की, ज्यांत रोगाइतकेच, किंबहुना रोगाहून अधिक महत्त्व रोगाच्या ज्ञानाला आहे. निदान झाल्यानंतर ते कोणाला ठाऊक असावे, कोणी कोणाला सांगावे, सांगितल्यानंतर सांगणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे नाते काय राहते, या प्रश्नांभोवती त्यांची रचना उभी आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकारातील चित्रपटांची प्रत मरणाच्या चित्रणावरून ठरवू नये. ती या ज्ञानाच्या व्यवहारावरून ठरवावी.

अकिरा कुरोसावा यांच्या ‘इकिरू’ (१९५२) या जपानी चित्रपटाचा आरंभच या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पडद्यावर पहिल्यांदा दिसते ती जठराची क्ष-किरण प्रतिमा. निवेदक सांगतो की, हे या कथेच्या नायकाचे जठर असून त्यात कर्करोग आहे. नायकाला मात्र त्याची वार्ता नाही. म्हणजे प्रेक्षकाला जे ठाऊक, ते ज्याचे शरीर आहे त्याला ठाऊक नाही. हा नायक वातानाबे नगरपालिकेतील एका विभागाचा प्रमुख आहे. सुमारे ३० वर्षे त्याने शिक्के मारण्यापलीकडे काही केलेले नाही. वैद्य त्याला साधा जठरव्रण असल्याचे सांगतात. तथापि प्रतीक्षागृहात भेटलेल्या एका वाचाळ रुग्णाने त्याला आधीच बजावलेले असते की, हे लोक व्रण म्हणाले आणि हवे ते खा म्हणाले की समजावे, कर्करोग आहे. त्यामुळे वैद्य खोटे बोलू लागताच त्या खोट्यातूनच वातानाबेला खरे कळते. त्याला त्याच्या रोगाचे ज्ञान कोणी दिलेले नाही, ते त्याने जणू चोरून मिळवले आहे. त्या काळी जपानमध्ये रोग्याला कर्करोगाचे निदान न सांगण्याचाच प्रघात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगातील उपरोधाची धार कळते.

यानंतर वातानाबे आपले गुपित सांगतो ते मद्यगृहात भेटलेल्या एका अनोळखी लेखकाला आणि कचेरी सोडून गेलेल्या एका तरुणीला. पोटच्या मुलाला तो सांगू शकत नाही. एकदा सांगायला जातो, तेव्हा मुलाला वाटते की बाप त्या तरुणीविषयीच बोलतो आहे, आणि तो बापालाच चार शब्द सुनावतो. चित्रपटातील सर्वांत क्रूर प्रसंग कोणता, असे विचारले तर मी मृत्यूचा प्रसंग सांगणार नाही, हा सांगेन. मृत्यू तर कुरोसावांनी दाखविलेलाही नाही. चित्रपटाचा सुमारे एकतृतीयांश भाग उरलेला असतानाच निवेदक तो एका वाक्यात सांगून टाकतो आणि आपण एकदम मृताच्या तसबिरीसमोर जमलेल्या सहकाऱ्यांत जाऊन बसतो. सांडपाण्याच्या जागेवर मुलांसाठी बाग व्हावी म्हणून वातानाबेने जे केले, ते आपल्याला या लोकांच्या आठवणींतून तुकड्यातुकड्याने कळते. तेथे वाद माजतो तो याच मुद्द्यावर : त्याला आपला रोग ठाऊक होता काय? ठाऊक असल्यावाचून कोणी कारकून असा वागेल काय? मरणाचे ज्ञान हेच त्याच्या कर्तृत्वाचे स्पष्टीकरण ठरवून ते सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण तसे ठरले की निरोगी माणसावर कसलीच जबाबदारी राहत नाही. मद्याच्या भरात ते मोठमोठ्या शपथा घेतात आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत पूर्ववत कागद पुढे सरकवू लागतात. रोग्याच्या धैर्याची स्तुती करणाऱ्या आपणा निरोगी प्रेक्षकांवरही हा प्रहार नव्हे काय?

हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’विषयी (१९७१) पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे थोडक्यात आटोपतो. या चित्रपटात ज्ञानाचा व्यवहार उलटा आहे. रोग्याला सर्व ठाऊक आहे, आणि आतड्याच्या आपल्या रोगाचे लांबलचक इंग्रजी नाव तो एखाद्या बड्या साहेबाच्या नावासारखे मिटक्या मारीत उच्चारतो. गप्प राहण्याची पाळी डॉक्टर भास्करवर येते. आनंदच्या हसण्याला भाबडा आशावाद समजणे चूक आहे. दुसऱ्यांची दया आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिला अडविण्याचा तो उपाय आहे. उणीव आहे ती निराळीच. या रोगाला शरीर नाही. शेवटचा भाग सोडला तर आनंद कोणाही धडधाकट माणसाप्रमाणे मुंबईत हिंडतो. वेदना, औषधोपचार, थकवा यांचा त्याच्या दिवसांवर भार पडलेला क्वचितच दिसतो. रोगासह जगणे म्हणजे काय, याचे उत्तर येथे केवळ स्वभावात शोधलेले आहे.

या पार्श्वभूमीवर संदीप सावंत यांच्या ‘श्वास’चे (२००४) वेगळेपण ठळक होते. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘श्यामची आई’नंतर हा मान मिळविणारा तो पहिलाच मराठी चित्रपट होय. पुढे ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली आणि त्या गाजावाजात त्याच्या आशयाची चर्चा काहीशी मागे पडली.

कोकणातील परशा या लहान मुलाला दृष्टिपटलाचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, झाला आहे. हा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो. वेळीच लक्षात आल्यास आज औषधे व लेसर यांच्या साह्याने पुष्कळदा डोळाही वाचविता येतो. परंतु रोग पुढे गेलेला असेल तर प्राण राखण्यासाठी डोळा काढावा लागतो. परशाचे दोन्ही डोळे जाणार आहेत. येथे मुदत आहे ती मरणाची नव्हे, दृष्टीची. मुलगा जगणार आहे, आणि म्हणूनच त्याला सांगणे अटळ आहे. आनंदला किंवा वातानाबेला मिळालेले ज्ञान त्यांच्याबरोबर संपते. परशाला मिळणारे ज्ञान घेऊन त्याला सारे आयुष्य काढायचे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी त्याला हे कळलेच पाहिजे, असा डॉक्टर साने यांचा आग्रह असतो. प्रथमदर्शनी तो कठोर वाटतो, पण त्यात मुलाविषयीचा आदर आहे. हा भार आजोबा, डॉक्टर आणि समाजसेविका आसावरी यांच्यामध्ये फिरत राहतो. अरुण नलावडे यांनी उभे केलेले आजोबा बोलू पाहतात आणि शब्द घशातच राहतात. त्या अडखळण्यात जे आहे ते लांबलचक संवादांत मावले नसते.

शस्त्रक्रिया लांबणीवर पडताच आजोबा कोणालाही न सांगता नातवाला रुग्णालयाबाहेर नेतात आणि त्याला डोळे भरून शहर दाखवितात. रुग्णालयाच्या दृष्टीने हा नियमभंग आहे. आजोबांच्या दृष्टीने, जे शब्दांत सांगता आले नाही ते सांगण्याची ही रीत आहे. मुलगा हरवल्यामुळे उडालेला गोंधळ व वृत्तपत्रांची धावपळ हा भाग मला ओढूनताणून आणलेला वाटतो. कोकणच्या स्मृतिचित्रांतील हिरवेपणाही काही ठिकाणी पर्यटनाच्या भित्तिपत्रकासारखा झाला आहे. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही : चित्रपट ही पाहण्याची कला आहे, आणि येथे ती जिचा शेवट जवळ आला आहे अशा एका दृष्टीच्या मागोमाग चालते आहे. इतके असूनही चित्रपटाचे शीर्षक डोळ्यावरून घेतलेले नाही, श्वासावरून घेतले आहे. ही निवड अर्थपूर्ण आहे.

शेवटी काळा चष्मा लावलेला परशा होडीतून गावी येतो आणि किनाऱ्यावरील माणसांना हात हलवून साद घालतो. चित्रपट येथे थांबतो. त्याची शाळा, त्याचे सवंगडी, पायाखालची ओळखीची वाट पुन्हा शिकणे, आणि आजोबांनी त्या दिवशी दाखविलेल्या शहरातील कोणती गोष्ट त्याच्या स्मरणात किती वर्षे टिकेल, हे सारे होडीच्या पलीकडे, किनाऱ्यावर राहिले आहे.