हद्दी आहेत, पेरा नाही

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावात कोणत्याही शेतकऱ्यास विचारले, तर जमिनीचा नकाशा आणि सातबाऱ्याचा उतारा यांतील भेद तो तत्काळ सांगेल. नकाशात धुऱ्याधुऱ्यांच्या हद्दी रेखलेल्या असतात, परंतु त्या हद्दींच्या आत हळद आहे की सोयाबीन, हे जाणण्यासाठी गाव नमुना बाराच उघडावा लागतो. यंत्रभागांच्या संगणकीय आराखड्यांची अवस्था त्या नकाशासारखी आहे. पृष्ठे, कडा आणि शिरोबिंदू यांची बिनचूक नोंद त्यांच्या दप्तरी असते; मात्र अमुक पृष्ठे मिळून ड्रिलने पाडावयाचे भोक होते आणि तमुक मिळून मिलिंगने काढावयाचा स्लॉट, हा तपशील तेथे नसतो, आणि आराखडा एका प्रणालीतून दुसरीत गेला की रचनाकाराने मुळात कोणत्या क्रमाने काय केले, तोही इतिहास बहुधा गळून पडतो. तो इतिहास हाती राहिला तरी काम भागत नाही, कारण रचनाकार जेथे एक बरगडी चढवतो, तेथे कारागिरास तिच्या दोन्ही बाजूंचे पोलाद काढून टाकावे लागते.

हा हरवलेला पेरा, म्हणजे भोक, स्लॉट यांसारखी ‘फीचरे’, शोधण्याचे शास्त्र केंब्रिजमधील किप्रियानू यांच्या 1980 च्या प्रबंधापासून सुरू झाले, असे मानतात. 1988 मध्ये जोशी आणि चँग यांनी पृष्ठांचे शेजारसंबंध जाळ्याच्या रूपात मांडून, आत वळणाऱ्या कडेस शून्य व बाहेर वळणाऱ्या कडेस एक असा अंक दिला. तळास दोन भिंती आत वळणाऱ्या कडांनी जोडलेल्या दिसल्या, की तो स्लॉट. युक्ती इतकी देखणी आहे की तिचा मोह अद्याप सुटलेला नाही. पण समान खोलीचे दोन स्लॉट एकमेकांना छेदून गेले, की दोन तळांचा एकच अधिकचिन्हासारखा तळ होतो, चार भिंतींचे आठ तुकडे होतात, आणि जाळ्यास ओळखीचे कोणीच सापडत नाही. वान्देनब्रान्दे आणि रेकिचा यांनी 1993 मध्ये संपूर्ण आकृतीचा हट्ट सोडला आणि समोरासमोरच्या दोन समांतर भिंतींसारख्या उरलेल्या खुणांवरून मूळ आकार उभा केला. पंचनामा करणारा अंमलदारही याहून निराळे काय करतो?

या विषयात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. मुंबईच्या गोरेगावापासून (नामसाम्याचा लाभ घेऊन सांगतो) आरेचे रान ओलांडले की पवई लागते. तेथील आयआयटीत सुनील आणि पांडे यांनी 2008 मध्ये मुक्तवक्र पृष्ठांचा आणि पुढे 2010 मध्ये अग्रवाल यांच्यासह परस्परांत मिसळलेल्या फीचरांचा प्रश्न हाताळला, आणि त्यासाठी जाळे व नियम यांचा संकर केला. जिओमेट्रिक या गोदरेज समूहातील कंपनीने सॉलिडवर्क्स या आराखडे करण्याच्या प्रणालीसाठी फीचरवर्क्स हे फीचरे ओळखण्याचे साधन घडवले. त्या कंपनीचा बहुतांश व्यवसाय 2017 मध्ये एचसीएलकडे गेला.

अलीकडील यंत्रशिक्षणाच्या पद्धतींविषयी माझे मत सावध आहे. 2018 च्या फीचरनेट या अशाच प्रणालीने चोवीस प्रकारची फीचरे ओळखून दाखवली, परंतु त्यासाठी लागलेले सुमारे 1,44,000 नमुने संगणकानेच रचलेले होते. ठोकळ्यातून फीचर कोरणाराही संगणक आणि ते ओळखणाराही संगणक, अशा परीक्षेतील गुणांवर कारखान्याचे वेळापत्रक ठरवण्यास मी धजावणार नाही. शिवाय सर्वच पद्धतींत एक गृहीत आहे, की फीचर आकारातच दडलेले असते. हळद पॉलिश करण्याच्या ड्रमचा मोडका शाफ्ट टर्नरपुढे येतो, तेव्हा त्यावरील चावीची खाच त्याला दिसतेच. पण मिलिंग यंत्र असेल तर ती एक काम असते, केवळ शेपर असेल तर दुसरे, आणि शेपरही नसेल तर छिन्नी व कानस घेऊन बसावयाचे तिसरेच.