गोळी, घड्याळ आणि किंमत

विज्ञान शिकवताना उपयोगी पडतील असे माहितीपट फार नाहीत. म्हणून डिलन मोहन ग्रे यांचा ‘फायर इन द ब्लड’ हा २०१३ सालचा माहितीपट वरच्या वर्गांना दाखवावा, असे आम्ही शिक्षकांना सुचवत असतो. एका शिबिरात तो दाखवून झाल्यावर एका बाईंनी विचारले, “औषध स्वस्त कसे झाले ते कळले. पण ते रोज, आणि तेही जन्मभर का घ्यायचे? ताप उतरला की आपण गोळी थांबवतो, तसे इथे का नाही?”

उत्तर देऊ लागलो तेव्हा आमच्या लक्षात आले, की सुमारे दीड तासाच्या या चित्रपटाच्या आधारे बाईंना उत्तर देता येत नाही. प्रश्न साधा आहे. एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे ज्याला नुकतेच कळले आहे, त्याच्या मनात तो पहिल्याच आठवड्यात येतो. आणि त्याचे उत्तर पटले की नाही, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. चित्रपटाचे मोल मान्य करून ही उणीव दाखवणे, आणि ती वर्गात कशी भरून काढता येईल ते सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चित्रपट काय सांगतो

१९९६ साली तीन औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती आली आणि श्रीमंत देशांतील एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले. खर्च मात्र दर माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर! आफ्रिकेत लाखो माणसे मरत होती आणि औषध पेटंटच्या कुंपणाआड होते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरना, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी किमतीत, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला देऊ केला. भारताचा १९७० चा पेटंट कायदा औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट देत होता, म्हणून हे शक्य झाले. (२००५ साली हा कायदा बदलला.) युगांडाचे डॉ. पीटर मुग्येनी, दक्षिण आफ्रिकेचे झाकी अचमट आणि न्यायमूर्ती एडविन कॅमेरॉन यांच्या तोंडून ही हकिगत उलगडत जाते. औषधाची किंमत ही निसर्गाने नव्हे, माणसांनी ठरवलेली गोष्ट असते, हे विद्यार्थ्यांना याहून स्पष्टपणे सांगणारा चित्रपट आम्हांस ठाऊक नाही.

घड्याळाचा आक्षेप

चित्रपट ज्या वादाभोवती फिरतो, त्यात एक आक्षेप असा होता, की गरीब देशांतील माणसांना ही औषधे वेळेवर घेणे जमणार नाही. २००१ साली अमेरिकन सरकारच्या मदतसंस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी, आफ्रिकेतल्या पुष्कळांनी आयुष्यात घड्याळ पाहिलेले नसते, अशा अर्थाचे विधान केले. त्यावर जगभर संताप उसळला, आणि तो योग्यच होता. पण संताप हे उत्तर नव्हे. या विधानात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. औषध नियमित घेतले नाही तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, हे खरे. नियमितपणासाठी घड्याळ लागते आणि गरिबांना नियमितपणा जमत नाही, हे खोटे. प्रेक्षकाला ही दोन वेगळी करता यायची, तर नियमितपणा का हवा हे आधी कळले पाहिजे. चित्रपट नेमका तेथे थांबत नाही.

फळ्यावरचे गणित

हा भाग शिक्षकाने स्वतः घ्यावा. बेरीज-गुणाकारापलीकडे काही लागत नाही.

एच.आय.व्ही. या विषाणूची जनुकीय माहिती सुमारे दहा हजार अक्षरांची आहे. पेशीत शिरल्यावर तो तिची डीएनए-प्रत बनवतो. हे काम करणारे एन्झाइम मोठे निष्काळजी आहे. साधारण तीस हजार अक्षरे उतरवताना ते एक चूक करते. म्हणजे दर तीन प्रतींमागे एक चूक. अमुक एका जागी अमुकच चूक होण्याचा संभव आपण सोयीसाठी एक लाखात एक धरू. उपचार न घेणाऱ्याच्या शरीरात दररोज एक कोटी पेशींना नवी लागण होते, असेही धरू. मग ती ठरावीक चूक असलेले विषाणू दिवसाला किती निर्माण होतील? एक कोटी भागिले एक लाख, म्हणजे शंभर. औषधाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वीच त्या औषधाला न जुमानणारे विषाणू तेथे हजर असतात! १९८७ साली आलेले एझेडटी हे औषध एकटेच दिले जाई, तेव्हा त्याचा प्रभाव काही महिन्यांत ओसरू लागे, याचे कारण हेच.

आता तीन औषधे एकदम द्या. तिन्हींना चकवायला तीन ठरावीक चुका एकाच प्रतीत व्हायला हव्यात. संभव लाख गुणिले लाख गुणिले लाखात एक, म्हणजे एकावर पंधरा शून्यांत एक. दिवसाला एक कोटी या वेगाने त्यासाठी दहा कोटी दिवस, म्हणजे पावणेतीन लाख वर्षे वाट पाहावी लागेल. हे गणित ढोबळ आहे. प्रत्यक्षात सर्व चुका सारख्याच संभवाच्या नसतात आणि एकीचा दुसरीशी संबंधही असू शकतो. पण तीन औषधे का, हे त्यातून कळते.

आणि रोज का, हेही. हा गुणाकार तिन्ही औषधे एकाच वेळी शरीरात असतील तोवरच लागू आहे. सिप्लाच्या त्या संचातले नेव्हिरपिन रक्तात कित्येक दिवस रेंगाळते. बाकीची दोन त्याआधीच संपतात. गोळ्या अचानक बंद केल्या, की काही दिवस एकटे नेव्हिरपिन उरते आणि गणित पुन्हा लाखात एकावर येते. औषध मुळीच न घेणाऱ्याचा विषाणू वाढतो, पण त्याला औषध चुकवायला शिकण्याचे कारण नसते. नियमित घेणाऱ्याच्या शरीरात तो वाढतच नाही, मग शिकणार कोठून? धोका मधल्या अवस्थेत आहे: थोडे दिवस घेतले, थोडे दिवस सोडले.

आता जन्मभर का, ते पाहू. ही औषधे नव्या पेशींची लागण थांबवतात; पण काही पेशी विषाणूची प्रत स्वतःच्या डीएनएमध्ये बाळगून वर्षानुवर्षे निद्रिस्त असतात. तेथे औषधाला करण्यासारखे काही नसते. या साठ्याचा शोध १९९७ च्या सुमारास लागला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. अशा दहा लाख पेशी धरल्या, तर त्या एकावर येईपर्यंत वीस वेळा निम्मे करावे लागेल. वीस गुणिले ४४ म्हणजे ८८० महिने, म्हणजेच ७३ वर्षे! औषध थांबवले की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच परत दिसू लागतो, तो या साठ्यातून. तापाच्या गोळीशी तुलना लागू पडत नाही, ती यामुळे.

किंमत हेही जीवशास्त्रच

हे कळल्यावर घड्याळाच्या आक्षेपाला खरे उत्तर देता येते. त्याचा पहिला भाग आकड्यांचा आहे. २००६ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पुरेशा नियमितपणे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के, तर उत्तर अमेरिकेत ५५ टक्के आढळले. घड्याळे कोणाकडे जास्त होती, ते सांगायला नको!

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. माणसाचे औषध कशाने तुटते? पैसे संपल्याने, केंद्रावरचा साठा संपल्याने, एस.टी.चे भाडे परवडत नसल्याने, सासरी किंवा वसतिगृहात गोळी लपवावी लागल्याने. भारतात सरकारी मोफत औषध १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले, मुंबईचे जे.जे. रुग्णालय हे सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. त्यापूर्वी अनेक घरांत पैसे असतील तितक्या दिवसांची औषधे आणली जात आणि मग थांबवली जात. म्हणजे आपण पाहिलेली सर्वांत धोक्याची अवस्था! महाग औषध गरिबाला नुसते नाकारले जात नाही. ते अर्धवट मिळते, आणि अर्धवट औषध विषाणूला तरबेज करते.

आमची मुख्य तक्रार येथे आहे. चित्रपट किमतीकडे न्यायाचा प्रश्न म्हणून पाहतो आणि जीवशास्त्र पार्श्वभूमीला ठेवतो. प्रत्यक्षात हे दोन प्रश्न एकच आहेत. स्वस्त गोळी म्हणजे खंड न पडणारी गोळी. एवढी एक गोष्ट पाच मिनिटे समजावून दिली असती, तर चित्रपटाची बाजू अधिकच बळकट झाली असती.

दुसरी तक्रार लहान आहे, पण वर्गात बोलायलाच हवी. सामान्य रुग्णांना सरकारी दवाखान्यात औषध मिळेपर्यंत आपण ते घेणार नाही, असा पण अचमट यांनी केला होता. २००३ साली त्यांनी औषध सुरू केले. हा त्याग मोठाच. पण औषध लांबवल्याने काही बिघडत नाही, असा अर्थ एखाद्या विद्यार्थ्याने काढू नये. लवकर सुरू केलेल्या उपचाराने गंभीर आजाराचा धोका निम्म्याहूनही कमी होतो, हे २०१५ साली एका मोठ्या चाचणीने दाखवले. चित्रपट त्याआधीचा असल्याने हा दोष त्याचा नव्हे. भर घालण्याचे काम आपले. २०१७ पासून भारतातही लागण असलेल्या प्रत्येकास लगेच औषध देण्याचे धोरण आहे.

वर्गात दाखवताना

आज बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची मिळून दिवसाला एकच गोळी पुरते. हिला चकवणे विषाणूला बरेच अवघड जाते. एखादी गोळी चुकली म्हणजे सर्व संपले, असे नाही. आठवताच ती घ्यावी, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, आणि वारंवार चुकत असेल तर ए.आर.टी. केंद्रातील समुपदेशकाशी मोकळेपणी बोलावे. नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हेही आता पक्के झाले आहे. वरच्या वर्गांना हे संकोच न करता सांगावे. ‘एड्सवर औषध नाही’ हे भिंतीवरचे वाक्य मात्र पुसून टाकावे. रोग समूळ घालवणारे औषध नाही. विषाणूला आयुष्यभर झोपवून ठेवणारे आहे, आणि ते मोफत मिळते.

शेवटी एक विनंती. चित्रपट दाखवण्यापूर्वी हे ध्यानात असू द्या, की समोर बसलेल्या मुलांपैकी एखादे रोज ठरल्या वेळी ही गोळी घेत असेल आणि ते तुम्हांला ठाऊक नसेल. ते शोधायला जाऊ नका; त्याच्यावर ते सांगण्याची सक्ती नाही, आणि २०१७ च्या कायद्याने शाळेत त्याच्याशी भेदभाव करायलाही मनाई आहे. तुम्ही फळ्यावर ते गणित मात्र पूर्ण मांडा. औषध घ्यायला त्याला आजवर सर्वांनी सांगितले असेल. का घ्यायचे, ते कदाचित तुमच्याच तासाला त्याला प्रथम कळेल.