‘उद्या’चा उ आणि ‘विद्या’चा वि

गझल म्हणजे साचा, असं म्हणणारे लोक नागपुरात दोन प्रकारचे भेटतात. एकांना साचा आहे म्हणून ती खोटी वाटते. दुसऱ्यांना साचा जमला की गझल जमली, असं वाटतं. हे दुसरे हल्ली वाढलेत, कारण मात्रा आता मोबाइलवरही मोजून मिळतात. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, तसा छोटा प्रोग्रॅम एका रविवारी मीही लिहिला. ‘गागालगा लगागा गागालगा लगागा’ या आनंदकंद वृत्ताच्या २४ मात्रा तो क्षणात मोजतो. अडतो ‘उद्या’पाशी.

नियम असा की जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू. म्हणून ‘विद्या’तला ‘वि’ गुरू. ‘उद्या’त जोडाक्षर तेच, तरी ‘उ’ लघुच राहतो. ‘विद्या’ म्हणताना जीभ ‘द’वर आदळते, ‘उद्या’ म्हणताना नुसती घसरते. ‘पुन्हा’, ‘तुम्ही’ यांचंही तसंच. हा फरक लिपीत कुठेच नाही. तो बोलणाऱ्याच्या तोंडात आहे.

सुरेश भटांची गझल मला या फरकावर उभी दिसते. त्यांच्याविषयी लिहिताना आपण बंडखोरी, वेदना, कलंदरपणा इथून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. भटांच्या आधी माधव जूलियन होते: फारसीचे प्राध्यापक, छंदांचे मोठे अभ्यासक. त्यांची ‘गज्जलांजलि’ १९३३ची. तिथे वृत्त चोख आहे, पण वृत्तासाठी शब्द मागेपुढे सरकतात, आणि शेर सुटा उभा न राहता बहुधा एकाच भावाची सलग कविता होते. ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) वाचताना मात्र ओळ बरेचदा बोलण्यातल्या वाक्यासारखी लागते. सीताबर्डीवर कुणाला थांबवून म्हणावं, तसं. वृत्त नंतर ऐकू येतं.

शब्दांचंही तसंच. जूलियन पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने गेले. फारसीच्या जाणकाराने फारसी शब्द निवडून काढायला बसावं, ही गंमतच. भटांनी पुस्तकाला नावच ‘एल्गार’ दिलं. बाहेरून आलेला, पण मराठीत मुरलेला शब्द. आज मोर्चाच्या बातमीत तो सहज येतो, तेव्हा कुणी कोश उघडत नाही.

आता काफिया. मतल्यात ‘वाट’ आणि ‘पहाट’ आले की ऐकणाऱ्याला कळतं: ‘ट’च्या आधी ‘आ’ हवाच. हा ‘आ’ म्हणजे अलामत. ‘लाट’ चालेल, ‘पेट’ चालणार नाही. भटांनी नव्यांसाठी लिहिलेल्या ‘गझलेची बाराखडी’त हे सगळं आहे. पण नियमापेक्षा महत्त्वाचं असतं ते सभागृहात घडणारं. पहिली ओळ दोनदा म्हटली जाते, तेवढ्यात श्रोता मनातल्या मनात पुढचा शब्द शोधू लागतो. कवीला तोच शब्द द्यायचा असतो, पण श्रोत्याने योजलेल्या अर्थाने नाही. त्यासाठी शब्द ओळखीचा लागतो. अंधार, चांदणं, चिता, मशाल या भटांच्या प्रतिमा जुन्या आहेत, हा आक्षेप खराच आहे. पण अनोळखी प्रतिमेला वळण देता येत नाही, कारण तिची सरळ वाटच कुणाला ठाऊक नसते.

आक्षेप लागू पडतो तो वेगळ्या जागी. काही ठिकाणी, मला तरी ‘झंझावात’मध्ये जास्त, मशाल पेटते ती आवाजाने बोलावलं म्हणून. अर्थ श्रोत्याला वाटला होता तोच निघतो. टाळी मिळते, कारण टाळीची जागा ठरलेली आहे.

याच शहरात, मॉरिस कॉलेजात मराठी शिकवणारे ग्रेस १९६७च्या ‘संध्याकाळच्या कविता’मध्ये नाद उलट्या कामाला लावत होते. यमक तिथेही आहे, लय तर झुलवणारी आहे. पण पुढे काय येणार याचा अंदाज लागत नाही, आणि आलेलं नीट कळलं नाही तरी लय आपल्याला पुढच्या ओळीत नेऊन सोडते. भटांचा नाद श्रोत्याला वाट बघायला लावतो, ग्रेसचा नाद वाट बघणं विसरायला लावतो. भट सोपे आणि ग्रेस दुर्बोध, ही वाटणी नागपुरात घरोघरी ऐकू येते. ती करणारे दोघांच्याही कविता डोळ्यांनीच वाचत असावेत. ग्रेसची कविता एकदा मोठ्याने म्हणून पाहा. अर्थ तितकाच धूसर राहतो, पण तो विचारायची घाई राहत नाही.