मैनासुंदरी आणि गंधोदक

अष्टान्हिका आली की बस्तीत सिद्धचक्र विधान मांडतात आणि मैनासुंदरीची कथा निघतेच. कार्तिक, फाल्गुन, आषाढ, वर्षातून तीनदा. उज्जैनीच्या पहुपाल राजाची ही मुलगी. ज्याचं त्याचं कर्म ज्याला त्याला, असं बापाच्या तोंडावर म्हणाली, म्हणून त्यानं रागानं तिला कुष्ठरोगी श्रीपालाला दिली. तिनं आठ दिवस विधान केलं, गंधोदक शिंपडलं, आणि श्रीपालासह 700 जण बरे झाले.

कथा मला लहानपणापासून आवडते. ती सांगण्याची आपली रीत मात्र आता खटकते. सगळा भर पाण्यावर. गावानं दूर ठेवलेल्या माणसांत ही राजाची पोर गेली, किळस न करता तिनं नवऱ्याची सेवा केली, हे दोन वाक्यांत उरकतात. अर्घ्य किती नि कशी वाहिली, यावर अर्धा तास!

दुसरं त्याहून वाईट. निपाणीकडच्या आमच्या ओळखीच्या एका अक्कांचे यजमान आजारात गेले. भेटायला आलेली एक बाई सरळ म्हणाली, "मैनासुंदरीनं नवऱ्याला वाचवलं की. तुझंच कुठंतरी कमी पडलं असणार बघ." एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या अक्का खाली मान घालून बसल्या. अहो, कर्म ज्याचं त्याचं, हे तर मैनेचंच बोलणं. त्यासाठीच तिनं बापाचा राग ओढवून घेतला. मग नवऱ्याच्या दुखण्याचा हिशेब बायकोच्या नावावर कसा?

गंधोदक मीही कपाळाला लावते, कधी चुकवत नाही. पण आपल्याच आचार्यांनी वैद्यकही लिहिलंय. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा संस्कृत ग्रंथ रचला. मांस-मद्य टाळून औषधोपचार कसा करावा, ते त्यात आहे. 1940 मध्ये सोलापुरातून तो हिंदी अनुवादासह छापलाही गेला. नुसत्या पाण्यानं भागलं असतं तर एवढा खटाटोप त्यांनी कशाला केला असता? आज अंगावर बधिर चट्टा उठला तर सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. सहा महिने, फार तर वर्षभर घेतल्या की कुष्ठरोग बरा होतो. चट्टा पदराखाली झाकून कथा ऐकायला बसलेली एखादी असेल, तर तिला हे कथेसोबतच कळायला हवं.

येत्या आषाढात वाचनाची पाळी माझी आहे. मैनेची सेवा मी सावकाश वाचणार, गोळ्यांचंही सांगणार. अर्घ्यांचं उपाध्ये बघून घेतील.